बाळंतिणीची खोली

४ मे १९३१, सोमवार

यंदाची मुंबईची शेवटची बोट अठ्ठावीस तारखेला. बोटीच्या कचेरीतल्या रघूने आज स्वतः सांगितलं. मग बंदर बंद, ते थेट नारळी पौर्णिमेपर्यंत. बातमी आमच्या साप्ताहिकाच्या अंकात घेतली. चार ओळी.

माझा जीव त्या चार ओळींत अडकलाय. विमलला सातवा चालू आहे. आठव्यात कोणी प्रवास करू देत नाही, म्हणजे यायची तर आत्ताच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आणि माहेर म्हणजे काय, तर मी आणि मांडवीतलं हे तीन खोल्यांचं बिऱ्हाड. विमलची आई कमळा जाऊन चार वर्षं झाली. गिरगावातून विहीणबाईंचा, येसूबाईंचा, निरोप आलाय — "घरात बाईमाणूस नाही. पोरीला कोणाच्या भरवशावर धाडायची?"

बोलणं चुकीचं नाही. म्हणूनच लागलं.

७ मे, गुरुवार

सदराचा मजकूर संध्याकाळी छापखान्यात दिला. 'घरचा दवा' — या खेपेला उन्हाळी लागण्यावर, म्हणजे लघवीच्या जळजळीवर. सब्जा, वाळ्याचं पाणी, धने-जिरे भिजवून. सतरा वर्षं हे सदर चालवतोय. एकही गुरुवार चुकला नाही, कमळाच्या तेराव्यातलासुद्धा.

लोक रस्त्यात विचारतात, "तात्या, तुमची प्रकृती बरी कशी राहते?" सांगतो — पहाटे तांब्यातलं पाणी, बारा नमस्कार, टाळूला आणि तळपायांना तेल, बंदरापर्यंत चालणं, सकाळी पेज, रात्री अर्धपोटी. सगळं खरं आहे. एकट्या माणसाला नेम पाळणं सोपं जातं. मोडायला कोणी येत नाही!

१० मे, रविवार

आज डिंकाचे लाडू केले. कमळा कशी करायची ते आठवून. पाक पुढे गेला असावा. शेजारच्या यमुनाबाई डोकावल्या, एक लाडू उचलला, ओट्यावर आपटून पाहिला.

"तात्या, हे बाळंतिणीसाठी की जांभ्या दगडाच्या कुंपणाला?"

"चव तर बघा."

"चव बघायला दात नकोत व्हय? दोनच राहिलेत माझे."

हसलो दोघंही. या घरात मोठ्याने हसू आलं की अजून दचकायला होतं.

मग भीत भीत विचारलं. विमल आली तर रात्री इथे निजायला याल का? यमुनाबाईंचं वय साठीपुढे. वाडीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली. त्यांनी लाडू खाली ठेवला. "लोक काय बोलायचं ते बोलतील. कमळाच्या पोरीला मी नाय तर कोण? कळवा तुमच्या त्या येसूबाईला — म्हणावं, बाईमाणूस आहे!"

लगेच पत्र टाकलं.

१४ मे, गुरुवार

येते आहे! शनिवारच्या बोटीने. मजकूर वेळेवर दिला, पण काय लिहिलं ते आठवत नाही.

१६ मे, शनिवार

बोटीवरून माणसं आणणारा पडाव काठाला लागला तेव्हा विमल दोन्ही हातांनी कड धरून बसली होती. तिचा नवरा हरिश्चंद्र सोबत होता. कचेरीने रजा दिली नाही म्हणून जावईबापू जेवून त्याच बोटीच्या परतीला मुंबईस निघाले. जाताना म्हणाले, "तात्या, आई जरा बोलली असेल. मनावर घेऊ नका." चांगला मुलगा आहे.

तिला बाळंतिणीची खोली दाखवली. तिचं यायचं ठरण्याआधीपासून, महिनाभर तेच करत होतो. बाजेला नवं सुंभ, खाली शेगडीला जागा, भिंतीला पांढरी माती. वाऱ्याची झुळूक येऊ नये म्हणून खिडकीच्या फटींत कापूस भरलाय. फळीवर शेपा, ओवा, वेखंड, वावडिंग, वेगळाल्या बरण्यांत. विमल सगळीकडे बघत राहिली.

"तात्या, हे सगळं तुम्ही केलंत?"

"मग कोण करणार?"

ती रडायला लागली. मी पाणी आणायला आत गेलो, आणि जरा जास्त वेळ आतच थांबलो.

१९ मे, मंगळवार

घरात दोन ताटं. तिच्या बांगड्यांचा आवाज येत असतो. रात्री यमुनाबाई आणि ती कुजबुजत बसतात, मी ओटीवरून ऐकतो. शब्द कळत नाहीत. नकोतही.

पायांवर थोडी सूज आहे. काळजीचं नाही. दुपारी पाय उशीवर, रात्री कोमट पाण्यात. जळजळतं म्हणते, म्हणून दोन्ही वेळेला सोलकढी. घरचं आगळ आहे, यंदाच्या रातांब्यांचा काढून ठेवलेला रस.

२१ मे, गुरुवार

सदर आज गरोदर बाईच्या पथ्यावर. तिच्याकडे बघतच लिहिलं. एक वाक्य असं — 'पायांवर सूज येते, तिला घाबरू नये.' विमलने प्रूफ वाचलं, दोन चुका काढल्या. लहानपणीही काढायची.

म्हणाली, "गिरगावात शेजारणी हे कापून ठेवतात. मी सांगते, माझे वडील आहेत."

२४ मे, रविवार

धोंडू कासार आला होता. हिरवा चुडा भरायचा. चैत्रात मुंबईला भरला तेच माप विमलने सांगितलं. पहिलीच बांगडी अंगठ्याच्या हाडावर अडली. धोंडूने तेल लावलं, हात दाबला, फिरवला. बांगडी फुटली.

"मोठं माप काढतो. हात सुजलाय वो पोरीचा."

"अंगानं भरलेय ती," यमुनाबाई म्हणाल्या. "माहेरचं खाणं लागलंय. नजर नको लावूस मेल्या!"

सगळी हसली. मोठ्या मापाच्या भरल्या. फुटल्या बांगडीच्या काचा मी वेचल्या. मला तो हात नंतर दिवसभर दिसत राहिला. दाबलेल्या जागी धोंडूच्या बोटाचा खळगा तसाच राहिला होता.

२६ मे, मंगळवार

विमलचं डोकं कालपासून दुखतंय. मी छापखान्यात होतो. आलो तो कपाळावर सुंठेचा लेप घेऊन ती निजलेली.

"कोणी दिला?"

"तुमच्याच सदरात आहे ना, तात्या."

डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. हे तिने आधी का सांगितलं नाही? "तुम्ही एवढं केलंत, त्यात आणि कुरकुर कशाला." उजेडात तिचं तोंड बघितलं. पापण्या जड, गाल भरलेले. कमळासारखी दिसते असं आठवडाभर मनात म्हणत होतो. कमळा नव्हे, सूज ती.

उद्या डॉक्टर.

२७ मे, बुधवार

डॉक्टर घरी आले. तरुण आहेत, कमी बोलतात. तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. नासक्या दुधासारखा साका वर आला. "लघवीत हे असायला नको," म्हणून नळी माझ्यापुढे धरली.

"खाण्यात काय देता?"

सांगितलं. सोलकढीवर थांबले.

"आगळात मीठ किती घालतात?"

दर वर्षी मीच घालतो, ओंजळीने.

मीठ बंद. नुसतं दूध, फळं. अंथरुणातून उठायचं नाही. आणि बाळंतपण दवाखान्यात, घरी नाही. मी विचारलं, उद्याची बोट आहे, मुंबईला मोठ्या दवाखान्यात नेऊ का? म्हणाले, "पडावातून चढउतार, बोटीचं हलणं — या अवस्थेत मी सांगणार नाही. इथल्याच दवाखान्यात आणून ठेवा. जितक्या लवकर आणाल तितकं बरं."

२८ मे, गुरुवार

बोट गेली. बंदरावर गेलो नाही. भोंगा घरात ऐकू आला.

३० मे, शनिवार

यमुनाबाईंशी खटका उडाला.

"दवाखान्यात? बेवारशी बाया जातात तिथं! येसूबाई काय म्हणेल? माहेरी नेली आणि दवाखान्यात टाकली?"

"डॉक्टरांनी—"

"डॉक्टराला कितीशी पोरं झाली? कालचा पोर तो. आणि आता आठवा लागेल. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाय. तिला हलवू नका."

विमल आतून म्हणाली, "तात्या, मला इथेच बरं वाटतं. खोली किती छान केली आहे."

सूज खरंच उतरल्यासारखी वाटते. तीन दिवस दुधावर आहे. डोकंही कमी दुखतं म्हणते. म्हटलं, सोमवारपर्यंत बघू.

असं म्हटलं ते यमुनाबाईंसाठी नव्हे. मला तिला या घरातून जाऊ द्यायचं नाही. ते इथेच लिहिता येतं.

१ जून, सोमवार

सूज तेवढीच. दूध प्यायली. दुपारी तिने माझ्या डोक्याला तेल लावून दिलं, पडल्या पडल्या! मी बाजेच्या कडेला टेकून खाली बसलो होतो. म्हणाली, "किती पांढरे झाले हो." आणखी एक दिवस, म्हटलं.

२ जून, मंगळवार

सकाळी पेज ढवळत होतो. यमुनाबाईंची किंकाळी.

आकडी होती. दात आवळलेले, डोळे वर, अंग धनुष्यासारखं. नव्या चुड्यातल्या बांगड्या बाजेच्या खुरावर फुटत होत्या. यमुनाबाई कांदा नाकाशी धरत होत्या. मी तो बाजूला केला, तिला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पुसला. मग धावत रस्त्यावर. कासार धोंडू गाडीतळावर उभा होता, तोच धावला आणि मोटार घेऊन आला. दवाखान्यात पोचेपर्यंत दुसरी आकडी.

डॉक्टरांनी मला एक शब्द विचारला नाही. आधी का आणली नाही, हेही नाही. सुई टोचली, अंधाऱ्या खोलीत ठेवली, कोणी बोलायचं नाही म्हणून सांगितलं.

हरिश्चंद्रला तार केली. बोट नाही. कोल्हापूरहून मोटारने येईल.

यमुनाबाई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या आहेत. आत येत नाहीत. घरीही जात नाहीत.

३ जून, बुधवार

आकडी नाही. मला ओळखलं. "तात्या, पेज घेतलीत का?" म्हणाली. घेतली म्हटलं. घेतली नव्हती.

तार आली — हरिश्चंद्र निघाला.

४ जून, गुरुवार

छापखान्याचा माणूस दवाखान्याच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. सदर? मांडीवर कागद घेऊन लिहून दिलं. या खेपेला औषध नाही. 'गरोदर बाईच्या हातांवर, तोंडावर सूज आली, डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे आले, तर लेप नको, काढा नको, सोलकढी नको. त्याच दिवशी डॉक्टर. दोन आठवड्यांपूर्वीच्या अंकात आम्ही घाबरू नये असं छापलं, ते वाचकांनी रद्द समजावं.' तो म्हणाला, फार लहान झालं, जागा उरेल. उरू दे.

दुपारी पुन्हा आकडी. दोन लागोपाठ.

घरी अंघोळीपुरता गेलो. बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटून घेतलं. नमस्कार घातले नाहीत. तेल नाही. नेम मोडला तर काय होतं? काही होत नाही.

५ जून, शुक्रवार

डॉक्टर सकाळी बाहेर आले. पोट चिरून मूल काढावं लागेल, थांबता येत नाही. दोघांसाठीही प्रयत्न करीन, म्हणाले. "पण एकच हाती लागेल असं झालं, तर? घरच्या माणसाने सांगावं लागतं."

पोर दिली की तिच्यावर बापाचा हक्क नाही. मूल तर त्यांचंच. सांगायचं हरिश्चंद्रने, नाहीतर येसूबाईंनी. तो घाटात असेल. यमुनाबाई माझ्याकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "विमल."

नऊला आत नेलं. दुपारपर्यंत कळेल. कोल्हापूरची मोटार संध्याकाळी येते. मी काय सांगितलं, ते हरिश्चंद्रला मीच सांगणार आहे.