शंभर टक्के सरकारी

१ सप्टेंबर, अमरावती

आजपासून रोजनिशी. पुढेमागे कोणी विचारलंच, तर माझ्याकडे पुरावा असावा.

एमपीएचचं, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर पदवीचं, शेवटचं सेमिस्टर. डिसर्टेशनचा विषय: ग्रामीण भागात सरकारी आरोग्यसेवेचा वापर. गाइड पौर्णिमा मॅडम म्हणाल्या, लोक प्रायव्हेटला का जातात ते शोध. मी म्हणालो, जातच नाहीत. त्या म्हणाल्या, मग सिद्ध कर. करतोच. माझा सरकारी व्यवस्थेवर विश्वास आहे. मॅडमचा पीएचडी झाल्यापासून उडालेला दिसतो.

महिनाअखेर सबमिट केलं की डिग्री. डिग्री आली की अकोल्याला जिल्हा सल्लागाराची कंत्राटी जागा. मुलाखत झाली आहे, फक्त डिग्रीसाठी थांबलेत. नाही जमलं तर सहा महिने वाया आणि जागा दुसऱ्याला. पण 'नाही जमलं तर' हा विचार दुबळ्या माणसांनी करावा.

४ सप्टेंबर, मामाचं गाव

बडनेऱ्याहून रेल्वेने अकोला, तिथून एसटीने हिवरखेड, पुढे मामांच्या मोटारसायकलवर. हे गाव शास्त्रशुद्ध पद्धतीने निवडलं आहे. सुंदरामामीच्या हातच्या भाकरी हा निव्वळ योगायोग.

डोमाजीमामांनी विचारलं, नोकरी लागली का. संशोधन करतोय म्हणालो. म्हणाले, मंजे नाही लागली.

५ सप्टेंबर

सर्व्हे सुरू. तुफान प्रतिसाद! पहिला प्रश्न: आजारी पडल्यावर कुठे जाता? प्रत्येक जण ठणकावून सांगतो, सरकारीत. जानराव नावाचे म्हातारबुवा तर प्रश्न संपायच्या आत 'सरकारीत' म्हणाले आणि आधार कार्डाची झेरॉक्स पुढे केली. नको म्हणालो. ते म्हणाले, ठेव बाबू, मागून लागतेच. केवढी ही जागरूकता!

६ सप्टेंबर

सॅम्पलमध्ये नसलेले लोकही येतायत. सकाळी मामीच्या ओट्यावर बायांची रांग, सगळ्यांच्या हातात पासपोर्ट फोटो. एकीने सुनेचं नावही लिहायला लावलं. मुलाचं लग्न दिवाळीनंतर आहे.

मामी म्हणाली, अरे बापा, त्यायले वाटून राह्यलं का योजनेची यादी हाय. प्रायव्हेट म्हटलं का नाव कटते, म्हणून समदे सरकारी म्हणून राह्यले. मामीचा स्वभाव मुळात संशयी. तिला समजावलं की पब्लिक हेल्थमध्ये समाजावर विश्वास टाकावा लागतो. ती म्हणाली, टाक, पण पह्यले जेवून घे.

८ सप्टेंबर

निकाल: शंभर टक्के सरकारी. अख्ख्या विद्यापीठात असा निकाल कोणाचा आला नसेल. मॅडमना फोन केला. त्यांनी आकडा तीनदा विचारला. पुन्हा पुन्हा ऐकावासा वाटत असणार. मग म्हणाल्या, आरोग्य केंद्रात एक दिवस नुसता बसून ये. हा सरळ सरळ अविश्वास आहे. तरी बसतो. होऊन जाऊ दे.

९ सप्टेंबर

आरोग्य केंद्रात बसलो. केंद्र स्वच्छ, डॉक्टर हजर, कपाटात औषधं भरपूर. लसीकरणाच्या बायाबाळांशिवाय कोणीही फिरकलं नाही. निष्कर्ष: गाव निरोगी आहे.

तिथले डॉक्टर म्हणाले, आम्ही तापाला गोळी देतो आणि लोकांना पाहिजे सलाईन. बाटली लागल्याशिवाय आजारी पडल्याचं समाधानच नाही. नोंद घेतली नाही. एका माणसाचं मत म्हणजे डेटा नव्हे.

येताना फाट्यावरच्या प्रायव्हेट दवाखान्याबाहेर जत्रा. त्यात जानराव. कोणाला तरी बघायला आले असणार. मी हाक मारली, तर त्यांनी दुपट्टा तोंडावर ओढला. ऊन होतंच.

११ सप्टेंबर

मॅडमचा मेसेज. शनिवारी स्वतः येतायत, पाच घरं तपासणार. मी उत्तर पाठवलं, दहा तपासा. माझ्या डेटाला कोणाच्या बापाची भीती नाही.

अंग कणकणतंय. उत्साहामुळे.

१२ सप्टेंबर

ताप. मामा म्हणाले, चाल फाट्यावर. साफ नकार दिला. जीव गेला तरी प्रायव्हेटची पायरी चढणार नाही. मामा म्हणाले, मंग सरकारीत चाल. त्यालाही नकार. संशोधक स्वतःच आपल्या सॅम्पलमध्ये शिरला की बायस येतो. मामा म्हणाले, मंग पड इथंच. त्यांना परिभाषा कळत नाही.

गोळी घेतली. विज्ञानानुसार एवढं पुरेसं आहे. तरी राहून राहून वाटतं, एखादी बाटली लागली असती तर. मनाला दटावलं. मन ऐकत नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार, सकाळी

फाट्यावर चाललोय. उपचारासाठी नाही! याला पार्टिसिपंट ऑब्झर्व्हेशन म्हणतात. जगभर मान्य असलेली पद्धत आहे.

त्याच दिवशी, दुपारी

निरीक्षण चालू. इथल्या डॉक्टरांनी तपासलं, व्हायरल म्हणाले, सलाईनची गरज नाही, गोळीने भागेल. मी म्हणालो, लावूनच टाका. लावली. बरं वाटतंय. हे मात्र थिसिसमध्ये लिहिणार नाही.

बाजूच्या खाटेवर जानराव. पलीकडे माझेच आणखी तीन सरकारी. सगळ्यांना बाटल्या. सगळे छताकडे बघतायत.

त्याच दिवशी, संध्याकाळी

उजव्या हाताला सुई, डाव्या हाताने लिहितोय.

मॅडम आल्या. गावात पाच घरं फिरल्या. तीन घरांत माणूस नव्हता, शेजारी म्हणाले फाट्यावर गेले. म्हणून त्याही फाट्यावर आल्या. हातात फाइल बघून जानराव पडल्या पडल्या ओरडले, आमी तं सरकारीतच जातो मॅडम! मग बाकीचेही ओरडले. एक सलाईनचा स्टँड पडता पडता राहिला.

मॅडम हसल्या नाहीत. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, हे सबमिट होणार नाही. पहिल्यापासून कर, सहा महिने लागतील. म्हणजे अकोला गेलं. मला रडू आलं. ताप होता म्हणून नाही.

मग त्या स्टूल ओढून माझ्या खाटेजवळ बसल्या. अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, सुगत, निदान एक तरी खरं उत्तर असू दे या अभ्यासात. तू सांग, तू आजारी पडल्यावर कुठे जातोस?

अख्खी खोली माझ्याकडे बघत होती. बाटलीतून थेंब पडत होता.

मी म्हणालो, सरकारीत.