ग्रीनलँडची तीन शेपटं

१ नोव्हेंबर १९५५, मुलुंड
ऑफिसातला डॅनिश साहेब मायदेशी जाताना ग्रीनलँडच्या भाषेची टाइप केलेली टिपणं देऊन गेला. उद्यापासून रोज पहाटे पाचला अभ्यास. पंधरा दिवसांत हातचा मळ.

२ नोव्हेंबर, सकाळी साडेसात
उशीर. गजर आईनेच बंद केला असणार. तरी एक पान वाचलं. तिकडे शब्दालाच शेपूट लावतात. एक म्हणजे 'नाही'. दुसरं, 'होतं, संपलं'. तिसरं, 'हवंय, पण नाही'. काफिस्सालेकिवोक. म्हणजे कॉफी हवीय, पण नाही. आईला म्हणून दाखवलं. म्हणाली, मग चहा घे.

५ नोव्हेंबर
नीलाताईने घाटकोपरचं स्थळ आणलंय. माणिक. शाळेत शिकवते. उद्या बघायला जायचं. ताई म्हणते, विद्याधर, तिथे कमी बोल. ताईला काय कळतंय. शिकलेल्या मुलीला विद्वत्ता लागते.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ
झकास. माणिक फार आवडली. पोहे देताना हसली, तेव्हा मी नुसता चमचाच तोंडात घातला. मग तिन्ही शेपटं समजावली, उदाहरणं त्यांच्याच घरातली. रेडिओ नाही. खोबरं होतं, संपलं. पंखा हवाय, पण नाही. तिचे वडील पाऊण तास ऐकत होते. माणिक दोनदा पाणी आणायला उठली, दुसऱ्यांदा परत आलीच नाही. लाजाळू आहे. परतताना ताई दहा पावलं पुढेच चालत होती. भारावली असावी.

९ नोव्हेंबर
पोस्टमन दोनदा आला. दोन्ही वेळा मीच खाली पळालो. अभ्यासाला बसवत नाही. हवा बाधली असेल.

१२ नोव्हेंबर
पोस्टकार्ड आलं. 'पत्रिका जुळत नाही. क्षमस्व.' ग्रहांनी वाट लावली. ताई म्हणाली, सोड रे आता. सोडू कसा? मला माणिकच हवी.

१३ नोव्हेंबर, पहाटे पाच
आज उठलो. टिपणांना हात लावला नाही. गोरेगावला एक ज्योतिषी आहेत, दोष काढून देतात म्हणे. आठवड्याभरात ग्रहांची शांत करून घ्यायची आणि पत्रिका घेऊन स्वतः घाटकोपरला जायचं. तिच्या वडिलांना म्हणायचं, आता बघा.

१३ नोव्हेंबर, सकाळी नऊ
पत्रिकेसाठी आईची ट्रंक उपसली. तळाशी सापडली, पिवळ्या फडक्यात बांधलेली. गाठ कित्येक वर्षांत सुटलेली नव्हती. आईला विचारलं, घाटकोपरला नक्कल कोणी दिली? म्हणाली, कोणीच नाही, त्यांनी मागितलीच नव्हती.

गोरेगावला गेलो नाही. माणिकच्या नावाला तिसरं शेपूट लावून पाहिलं. नीट बसलं. आईने न मागता कॉफी करून आणली.