घरी बसणाऱ्यांची यादी

४ फेब्रुवारी, रविवार

परत कपड्यांच्या कारखान्यात गेले. आणि परत फाटकावरूनच मागे! रखवालदार अतिय्या आता मला ओळखतो — खुर्ची आणून देतो, चहा विचारतो, आत मात्र सोडत नाही. "ताई, तुझं नाव घरी बसणाऱ्यांच्या यादीत आहे. मी काय करू सांग?"

सव्वा वर्ष झालं. कायदा म्हणतो, शंभरात पाच अपंग घ्या. कंपनीने घेतले — आम्ही अकरा जण, कागदावर. पगार मिळतो. काम नाही. यायचंच नाही. भरतीच्या दिवशी रऊफसाहेब काय गोड बोलले होते! "शाहिंदा, पोरी, तुला कशाला दगदग? आराम कर." मी म्हटलं, मला कपड्याची शिवण तपासता येते, दोन वर्षं शिकलेय. तर हसले. जणू मी विमान चालवते म्हटलं होतं.

आराम! तीस वर्षं आरामच करतेय. चिडून कुबडी आपटली तिथेच. अतिय्याने बिचाऱ्याने उचलून दिली.

५ फेब्रुवारी

काही नाही. बाकल्याच्या शेंगदाण्यांची उसळ, म्हणजे आमचं फूल, भाकरीशी खाल्लं, झोपले.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

काका-काकू जेवायला. आईने मुलूखियाची पालेभाजी केली होती. काकू आईला म्हणाली — मी समोर बसलेली असताना! — "नशीबवान आहे गं तुझी. बसल्या जागी पगार. आमचा एवढा शिकलेला, तो टुकटुक रिक्षा हाकतोय." आई खूश. मी रागाने उठले. पण मला उठायला वेळ लागतो — एक कुबडी, मग दुसरी, मग तोल. तोवर सगळे बघत राहतात. धड रागावून निघून जाणंसुद्धा माझ्या नशिबात नाही.

आई मागोमाग आली. "काय कमी आहे तुला?" सांगताच येईना. सकाळी कुणीतरी माझी वाट बघावी. मी गेले नाही तर कुणाचं तरी काम अडावं. एवढंच गं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

रऊफसाहेबांचा फोन! परवा सरकारी तपासणी. आम्ही अकराही जणांनी सातला तयार राहायचं, गाडी येईल. "मशीनसमोर फक्त बसायचं. विचारलं तर म्हणायचं, रोज येते."

मी सांगणार. खरं काय ते सांगून टाकणार.

१४ फेब्रुवारी

सुबहीला फोन केला. आमच्या अकरांतला तो, जन्मांध, तीन मुलींचा बाप. माझा बेत ऐकून भडकलाच. "तुला आई आहे. माझ्या पोरींना कोण आहे? आमच्या पोटावर पाय देऊ नकोस, शाहिंदा!"

पाय! मला म्हणतोय! मी म्हटलं, "कुठला देऊ, डावा की उजवा?" दोघंही हसलो. मग तो रडायलाच लागला. मी शब्द दिला नाही. पण "कुणाचा पगार बंद करू नका" असंही तपासणीच्या साहेबांना सांगेन म्हटलं. फोन ठेवून दिला त्याने.

भीती वाटतेय.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सगळ्यांना निळे कोरे एप्रन दिले — घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. सुबहीच्या मशीनवर दिवा लावून दिला. आंधळ्याला दिवा! सुबही म्हणाला, "साहेब, जरा जवळ घ्या, नीट दिसत नाहीये." आणि रऊफसाहेबांनी खरंच जवळ सरकवला!

माझ्यासमोर मात्र खऱ्या पँट्स होत्या. हात शिवशिवले. एकेक उलटी करून बघायला लागले. तिसरीच्या खिशाची शिवण सुटलेली. शेजारी नवाल म्हणून एक बाई बसते, रोजची. तिने बघितली. "अगं खरंच की! माझ्या हातून निसटली असती." बाजूला काढली. चाळीस मिनिटं मी कामावर होते. आयुष्यात पहिल्यांदा!

तपासणीस आले. वयस्क, थकलेले. रऊफसाहेब फोन घ्यायला बाहेर गेले होते. "रोज येतेस, पोरी?"

"नाही साहेब. आज पहिल्यांदा. आम्हाला येऊच देत नाहीत. कुणाचा पगार बंद करू नका, पण आम्हाला कामावर बोलवायला लावा." एका दमात बोलून टाकलं.

त्यांनी वही काढली. माझं नाव, फोन, सगळं टिपलं. मग हळूच विचारलं, "म्हणजे काम काहीच नाही? आणि पगार वेळेवर?"

"वेळेवर," म्हटलं मी. त्यांनी मान हलवली, वही मिटली.

लिहून घेतलं त्यांनी!

२० फेब्रुवारी, मंगळवार

पत्र आलं. मला काढलं. कारण — गैरवर्तन. बाकीच्या दहांना हात लावलेला नाही, तेवढं बरं. अहवालात सगळं ठीकठाक म्हणे. सगळं!

आईने पत्र वाचलं, घडी घातली, स्वयंपाकाला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२५ फेब्रुवारी, रविवार

सुबहीचा फोन. आवाज खाली. "तुझ्या जागी घेतलं एकीला. तपासणीसाची मुलगी. ऐकू येत नाही तिला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. वही काढली ती माझ्यासाठी नव्हती. तो बाप आपल्या पोरीसाठी जागा बघत होता! आणि पगार वेळेवर येतो हे कुणी सांगितलं? मीच! माझ्या तोंडाने!

सुबहीला विचारलं, ती कामाला येते का? म्हणाला, "तू वेडी आहेस का गं?"

२६ फेब्रुवारी

उठले नाही.

२७ फेब्रुवारी

कुबड्या आईला पलंगाखाली टाकायला सांगितल्या. कुठे जायचंय आता? वेडीच मी. दुसऱ्या कुठल्या कंपनीत गेले तरी यादी हीच. माझ्यासारखीला या देशात नाव आहे, काम नाही. मरेपर्यंत असंच.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

फोनवर मेसेज. अनोळखी नंबर.

"मी लमीस. ऐकू येत नाही म्हणून लिहितेय. बाबांच्या वहीत तुमचा नंबर सापडला. तुमच्या जागी माझं नाव लागलंय. आठवडा झाला, कामावर कधी जायचं ते कुणी सांगतच नाही. बाबा म्हणतात, विचारू नकोस. मला मशीन चालवता येतं. तुम्ही किती वाजता जायचात?"

चार वेळा वाचलं. मग लिहिलं — उद्या शुक्रवारची सुट्टी. शनिवारी सकाळी आठ. फाटकावर ये. मी असेन.