कक्षप्रमुखाचे सहा आठवडे

सोमवार, ३ जुलै
मेडिकल कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी ‘स्वास्थ्य व करिअर मार्गदर्शन कक्ष’ निघतोय आणि त्याचा प्रमुख मी. सव्वीस वर्षं फिजिऑलॉजी शिकवतोय, पण माझ्यातला मार्गदर्शक कुणाला दिसला नव्हता. डीनमॅडमना दिसला. मीटिंगमध्ये म्हणाल्या, या कामाला असा शांत माणूस हवा. बायकोला फोन केला. तिने विचारलं, झोपला होतास ना? डोळे मिटले होते. दोन्हींत फरक आहे.
संकल्प: सकाळी सहाला चालणे. साखर बंद. चिडचिड बंद.

मंगळवार, ४ जुलै, स. ९.१०
चाललो नाही. गुडघा. उद्यापासून नक्की.

शुक्रवार, ७ जुलै
खोली मिळाली. लॅबमागची, जुने मायक्रोस्कोप ठेवायची. पंखा चालू केला की कुरकुरतो, बंद केला की मी. मदतीला ऑफिसमधल्या एक क्लार्कबाई दिल्यात. त्यांचं टेबल बाहेर पॅसेजमध्ये. अपॉइंटमेंट लिहिणे, फॉर्म देणे, एवढंच काम. खरं काम आत.
प्रेझेंटेशन तयार करतोय. ‘तणाव: कारणे व निवारण’. चाळीस स्लाइड्स.

शुक्रवार, १४ जुलै
आठवडाभर कुणी आलं नाही. म्हणजे मुलं ठणठणीत आहेत. कक्ष नुसता असण्यानेच निम्मा परिणाम होतो, असं वाटू लागलंय.
बाहेर मात्र बाईंच्या टेबलाशी सारखी पोरं. कुजबुज, मध्येच नाक ओढल्याचा आवाज. साथ असावी सर्दीची. बाईंना म्हटलं, जरा हळू, आत काउन्सेलिंग चालतं. त्यांनी विचारलं, कुणाचं? साधा प्रश्न होता. उगाच चिडलो.
साखर परत सुरू. डोकं चालवायला ग्लुकोज लागतं, हे मीच शिकवतो.

बुधवार, १९ जुलै
पहिली केस! तिसऱ्या वर्षाची मुलगी, पहिल्या पाचांतली. म्हणाली, वॉर्डला निघते, पण दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातच बसते. पाय पुढे जात नाहीत. कधी अर्धा तास, कधी पोस्टिंगचे पूर्ण तीन तास. मी म्हटलं, जिने चढणं हृदयाला उत्तम, लिफ्ट टाळतेस हे चांगलंच. प्रेझेंटेशन लावलं. तेविसाव्या स्लाइडला तिचे डोळे भरून आले. इतका परिणाम मलाही अपेक्षित नव्हता.
मग हळूच म्हणाली, सर, मला हे जमणारच नाही बहुतेक. घरी कसं सांगू?
मी हसलो. म्हटलं, अगं, हा ब्रँच निवडण्याचा गोंधळ. तू रेडिऑलॉजी घे, वॉर्डात फिरायला नको. करिअरचा फॉर्म दिला. ‘थँक यू सर’ म्हणून गेली. पंचवीस मिनिटांत केस निकाली.

सोमवार, २४ जुलै
ती मुलगी बाहेर दिसली, बाईंशी बोलताना. तासभर! आत आली नाही. फॉर्म बाईंकडे देऊन गेली, कोरा. कोरा फॉर्म म्हणजे मन मोकळं झाल्याची खूण. फाइलला लावला.
हल्ली दुपारी बाईही जागेवर नसतात. विचारलं तर म्हणाल्या, जिन्यात होते. मेमो द्यावा का?

मंगळवार, १ ऑगस्ट
डीनमॅडमना मासिक अहवाल पाठवला. एकूण केसेस: एक. यशस्वी: एक.
मेमो लिहायला घेतला. कंटाळा आला. हल्ली सगळ्याचाच येतो. बायको म्हणते, तू हल्ली घरी आल्यावर गाडीतच बसून राहतोस. रेडिओ ऐकतो, म्हटलं. रेडिओ मार्चपासून बंद आहे, हे तिलाही माहीत आहे.

बुधवार, ९ ऑगस्ट
डीनमॅडमनी बोलावलं. तिथे त्या मुलीचे वडील. मी हात पुढे केला, त्यांनी तो घेतला, पण नजर माझ्यामागे. म्हणाले, त्या ताई कुठायत?
मुलीने वर्षभराची रजा घेतली आहे. मानसोपचार विभागात उपचार सुरू आहेत. वडील सांगत होते, तिने सगळं संपवायचं मनात आणलं होतं, दिवससुद्धा ठरवला होता. बाई चार दुपारी तिच्याशेजारी पायरीवर बसून होत्या. पाचव्या दिवशी हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या आणि तिथूनच घरी फोन लावला.
डीनमॅडमनी बाईंना बोलावून विचारलं, तुम्हाला कळलं कसं? बाई म्हणाल्या, तिनेच सांगितलं की. मी फक्त उठले नाही.
मी म्हणालो, कक्ष एकत्रितपणे काम करतो.

बुधवार, ९ ऑगस्ट, दु. ४
मलाही तिने सांगितलं होतं. आधी मलाच सांगितलं होतं. मी म्हणालो, हृदयाला उत्तम.

शुक्रवार, ११ ऑगस्ट
नवा आदेश. मानसोपचारातल्या एक डॉक्टर रोज दोन तास येतील. बाई आत, त्यांच्या मदतीला. बाहेरचं टेबल माझं. प्रमुखपद कायम. डीनमॅडम म्हणाल्या, थोडी विश्रांती होईल तुम्हाला. मी वाद घातला नाही. वाद घालायला उभं राहावं लागलं असतं.

बुधवार, १६ ऑगस्ट, दु. १.४०
पहिल्या वर्षाची एक मुलगी आली. डॉक्टर कधी येतात, विचारलं. म्हटलं, दोनला. बस. तिने विचारलं, आधी कुणाचा नंबर आहे का? म्हटलं, नाही, तुझाच पहिला.
थोड्या वेळाने म्हणाली, सर, मला जरा वेळ लागेल. माझ्यानंतर कुणी आहे का?
वहीत पाहिलं. कुणाचंच नाव नव्हतं.
म्हटलं, मी आहे. पण मला घाई नाही.