नट निजवायचा राहिला

९ जानेवारी

गेलं. इंजिनांचं ओव्हरहॉल आता खासगी कंपनीकडे. चाळीस वर्षं हवाई दलाचं प्रत्येक इंजिन आपल्या शॉपमध्ये सुटं झालं, धुतलं गेलं, पुन्हा बांधलं गेलं. आणि नोटीस किती ओळींची? चार! जूनअखेर शॉप बंद. त्यातही शुद्धलेखनाच्या दोन चुका.

गेटवर पाऊण तास बोललो. आवाज बसला. जो त्या कंपनीची पायरी चढेल तो आपला नाही, असं ठणकावलं. टाळ्या भरपूर. खाली उतरलो तर युनियनचा सेक्रेटरी कानाशी लागला – भाषण झकास, पण नमुन्याची चार इंजिनं कंपनीनं आधीच बांधून ठेवलीत.

१२ जानेवारी

कंपनीची इंजिनिअर शॉप बघायला आली. पस्तिशीची असेल. हातात वही, प्रश्न नेमके. सगळ्यांनी तोंडं फिरवली म्हणून माझ्याकडे वळली. म्हणाली, "काका, पुस्तकात नाही पण तुम्ही करता, असं काही आहे का?"

"पुस्तक जाडजूड आहे, मॅडम. आधी ते तर वाचा."

शॉप खदखदून हसलं. मीही. ती हसली नाही.

१३ जानेवारी

निजवणं. तिनं तेच विचारलं होतं. तिला शब्द माहीत नव्हता, एवढंच.

मागच्या बेअरिंगचे आठ नट. पुस्तक म्हणतं, ठरलेला जोर लावून आवळा, नट फिरू नये म्हणून तार बांधा, झालं. आपण लगेच तार बांधतच नाही. आवळायचं, इंजिन एकदा तापवायचं, थंड होऊ द्यायचं, पाव फेरा सैल करून पुन्हा आवळायचं. मग तार.

ही मास्तरांची, आमच्या जुन्या फोरमनची देणगी. मी नवा होतो तेव्हा एक इंजिन उड्डाणावरून परत आलं. त्यातला एक नट बोटानं फिरत होता. मास्तर तीन दिवस त्या नटासमोर स्टूल टाकून बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, "हा जागाच आहे रे. याला निजवायला हवं." तेव्हापासून सगळं शॉप निजवतं. लिहिलं कुठेच नाही. मंजुरीचा कागद फिरून यायला वर्षं लागली असती.

काय दिवस होते! निजवलेल्या इंजिनावर मास्तर जुनं ब्लँकेट टाकायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दटावायचे – हळू बोला, पोरं झोपलीत. माझा आवाज तेव्हाही असाच. मला बाहेर हाकलायचे. मग मी गेटपाशी उभा राहून बोलायला लागलो. तसाच पुढारी झालो.

१५ जानेवारी

सेक्रेटरीला सांगितलं, त्या चार इंजिनांचे नट निजवलेले नाहीत. तो आधी हसला, मग त्याचे डोळे चमकले. असं इंजिन टेस्टला बिनबोभाट पास होतं. साठ-सत्तर तासांनी कुरबुर सुरू करतं. म्हणजे एप्रिल-मे. इंजिनं परत येणार, ठेका रद्द, शॉप आपलं.

"आपण काहीच करायचं नाही," तो म्हणाला. "तोंड मिटून बसायचं. तुला जमेल ना? तेवढीच भीती आहे."

एकशेचाळीस घरं या शॉपवर चालतात.

१६ जानेवारी

जमलं. दिवसभर गप्प.

१७ जानेवारी

ही गच्चीत कपडे वाळत घालत होती. सगळं सांगितलं. वर माझं नेहमीचं – भांडवल, श्रम, इतिहासाचा न्याय. तिनं ऐकून घेतलं. शर्ट झटकत म्हणाली, "ते साठ-सत्तर तास इंजिन असतं कुठे?"

वर असतं, म्हटलं.

"मग वर माणूस नसतो का?"

रिकामी बादली उचलून खाली गेली. मी तिथेच, ओल्या कपड्यांमध्ये.

१९ जानेवारी

कंपनीत गेलो. सांगून टाकलं. इंजिनिअर उभी राहिली, उभ्यानंच फोन लावला. तीन इंजिनं गोदामात होती, ती थांबवली. चौथं विमानात बसलेलं! अकरा तास उडून झालं होतं. तेही उतरवायला सांगितलं. फोन ठेवून म्हणाली, "त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"शॉपनं हसावं म्हणून."

तिनं वहीतलं एक कोरं पान फाडून पुढे केलं. मग म्हणाली, लिहून द्या.

२२ जानेवारी

तीन दिवस एक पान लिहितोय! उभ्या जन्मात भाषणाला कागद लागला नाही. 'थंड झाल्यावर' – म्हणजे किती थंड? मास्तर हाताची मागची बाजू टेकवून बघायचे. 'पाव फेरा सैल' – पण नट कुरकुरला तर त्याहून कमी. ती कुरकुर कोणत्या अक्षरात लिहू? मास्तरांनी माझं मनगट धरून पाना फिरवला होता. तसंच जातं हे, एका हातातून दुसऱ्या हातात. काय करायचं, कशासाठी, एवढं जमलं ते लिहून दिलं.

२५ जानेवारी

वरून पत्र. मंजुरी नसलेली पद्धत इतकी वर्षं वापरली, म्हणून शॉप जूनऐवजी याच महिनाअखेर बंद. पुरावा म्हणून जोडलंय माझंच पान, कंपनीकडून वर गेलेलं. सेक्रेटरीनं पत्र माझ्यासमोर मोठ्यानं वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि निघून गेला. शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं.

३१ जानेवारी

शेवटची शिफ्ट. भिंतीवरच्या फळ्यांवरून हत्यारं उतरवली. मागे रंगवलेल्या आकृत्या तेवढ्या उरल्या – पाना, पकड, हातोडी. चार इंजिनं तिकडे तशीच पडून आहेत. इंजिनिअरचा फोन आला होता. पान पाचदा वाचलं म्हणाली, हात धजत नाही.

२ फेब्रुवारी

कंपनीत रुजू झालो. बोलावलं नव्हतं, मीच विचारलं. गेटवर आपली माणसं उभी होती, माझ्या नावानं घोषणा देत. घोषणा मीच लिहिलेली, मागच्या संपातली. फक्त नाव बदललेलं. माझ्या नावाला एक अक्षर जास्त, ताल चुकत होता. चालता चालता मनातल्या मनात दुरुस्त केली आणि आत गेलो.