चैत्राच्या ताटात सोडलेल्या हुग्गीबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
चिंचमळा मुलींचे प्रसाद निलय (वसतिगृह),
हुलसूर.

अर्जदार : रुद्रम्मा मल्लप्पा, रा. कोहिनूर, ता. बसवकल्याण

विषय : कु. चैत्रा, इयत्ता दहावी, हिला गहू न वाढण्याबाबत.
संदर्भ : प्रसादाचा अवमान केल्यामुळे मुलीस घरी न्यावे, ही आपली चिठ्ठी.

महोदय,

अर्जदार ही सदर मुलीची आई आहे. मुलीच्या तोंडात तीन वर्षे फोड येत होते. सगळ्यांनी उष्णता सांगितली. अर्जदाराने सब्जाचे पाणी दिले, तूप लावले. भाकरी फोडांना घासते म्हणून ती बंद केली व चपाती दुधात कुस्करून स्वतःच्या हाताने भरवली. फोड वाढले तशी चपाती वाढवली. यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही.

पुढे बीदरच्या डॉक्टरांनी रक्त व आतडे तपासून सांगितले की, गव्हातील ग्लूटेन मुलीला सोसत नाही, फोड त्यामुळेच येतात. गहू जन्मभर बंद, ज्वारी व भात चालेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत फोड गेले. मुलगी शेंगाचटणी खाऊ लागली.

डॉक्टरांची चिठ्ठी जूनमध्येच आपणास दिली होती. प्रसाद कोणाला बाधत नाही, असे आपण म्हणालात. दर सोमवारी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, असते. ताटात पडलेला प्रसाद टाकायचा नाही, ताट धुऊन ते पाणीही प्यायचे, हे मुलीस लहानपणी अर्जदारानेच शिकवले. मुलगी सात सोमवार गप खात राहिली. मग फोनवर म्हणाली, “अव्वा, तोंड जळायलंय, पर प्रसाद ताटात कसा सोडू?” अर्जदाराने सोड म्हटले. तिने सोडला. तेव्हा अवमान मुलीने केलेला नसून अर्जदाराने केला आहे, अशी नोंद व्हावी.

गावाहून शाळेच्या वेळेला बस नाही. मुलगी घरी आली की शाळा सुटली. यापुढे सगळे खाईन, असे तिने आपणास लिहून दिले आहे. तो कागद अर्जदाराने वाचला. रागही आला नाही, रडूही आले नाही.

तरी गहू न लागलेल्या वेगळ्या तव्यावर तिला भाकरी मिळावी. थापायला अर्जदार स्वतः येईल. ते जमणारे नसल्यास, अर्जदाराने मुलीला खा म्हणावे की सोड म्हणावे, एवढे एका ओळीत लेखी कळवावे. आपण लिहाल ते अर्जदार मुलीस वाचून दाखवील.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारी, नम्र,
रुद्रम्मा मल्लप्पा
कोहिनूर, दि. १९ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. डॉक्टरांची चिठ्ठी, दुसऱ्यांदा.
२. नवा तवा.
३. ज्वारीचे पीठ, आठवड्याचे. अर्ज नामंजूर झाला तरी पीठ टाकू नये.