न दिलेली साक्ष

मिशन दवाखाना, केजजवळ
सोमवार, ९ जून २०२५

प्रिय बाई,

सलाम. तुमची दोन्ही पत्रं मिळाली, एप्रिलचं आणि मेचं. दोन्हींना आज एकदमच उत्तर लिहितेय. फोन केला असता, पण तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला मोठ्यानं बोलणं होत नाही, म्हणून कागदच बरा.

गुडघे कसे आहेत? तुम्ही अजून दिवसातून दोनदा जिना चढता-उतरता असं तुमच्या भाच्याचा मुलगा सत्यम सांगत होता. भाच्याचं घर असलं म्हणून काय झालं, खालची खोली मागून घ्या. साठ पोरींना एका हाकेत ओळीत उभं करणाऱ्या होस्टेलच्या वनमालाबाईंना स्वतःसाठी एक खोली मागता येऊ नये?

इकडे सगळं ठीक आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यावर नवे पत्रे बसले. अण्णांनी यंदापासून ऊसतोडीला जाणं बंद केलंय, कंबर साथ देत नाही. आता दोन शेळ्या सांभाळतात आणि दिवसभर शेळ्यांशीच बोलतात. आई म्हणते, "माझ्याशी एवढं कधी बोलले न्हाईत." ती तुमची आठवण काढते.

मी बरी आहे. जेवते, झोपते, ड्यूटी करते. मार्चमध्ये एकदा भाजीत मीठ नव्हतं. मी दोन्ही वेळा तीच भाजी खाल्ली. डबा घासायला आलेल्या बाईनं चव बघून सांगितलं तेव्हा मला कळलं. असंच चाललंय. दुखत काही नाही.

तुम्ही दोन्ही पत्रांत एकच विचारलंय. फेब्रुवारीत चर्चमध्ये उपकारस्तुतीच्या उपासनेत पाळकसाहेबांनी मला, प्रभूनं माझ्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायला पुढं बोलावलं, मी उभी राहिले आणि काही न बोलता जागेवर येऊन बसले, ते का? सेवेची दहा वर्षं झाली म्हणून सगळी मंडळी माझ्याकडं बघत होती. पाळकसाहेब म्हणाले, "वर्षाराणीला भरून आलंय." लोकांनी आमेन म्हटलं. बाई, मला भरून आलं नव्हतं. मी खूप शोधलं, आत काहीच सापडलं नाही. खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून बसले.

थकवा आहे, होईल बरं, असं लिहून मी या पत्राचा कागद दोनदा भरला होता. दोन्ही फाडले.

नोव्हेंबरातली गोष्ट तुम्हाला थोडी माहीत आहे. बाळंतीण गेली, पोरगी वाचली, एवढंच मी तुम्हाला कळवलं होतं. आता सगळं लिहिते.

तिचं नाव दीपमाला. चोवीस वर्षांची, दुसरं बाळंतपण. दिवाळी झाल्यावर ऊसतोडीची टोळी कर्नाटकात गेली, तिचा नवरा परमेश्वरही गेला. दिवस भरत आले होते म्हणून ही सासूबरोबर मागं राहिली. सासू म्हणजे भामाबाई. सव्वीस नोव्हेंबरला, मंगळवारी सकाळी दोघी आल्या. डॉक्टर सोमवारी आणि गुरुवारी येतात, त्या दिवशी मी एकटीच. साडेअकराला मुलगी झाली. चांगली रडली. वार पूर्ण पडली, मी उलटून पाहिली. भामाबाई दारातून म्हणाली, "लई गोड हाय नात." दीपमाला चहा मागत होती.

पंधरा मिनिटांनी रक्त सुरू झालं ते थांबेना. मला येत होतं ते सगळं मी केलं. इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहिले, दोन्ही हातांना सलाईन लावलं. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला गेलेली. शेवटी रस्त्यावरची वडाप जीप थांबवली. जीपवाल्यानं सगळ्या सवाऱ्या खाली उतरवल्या. मागच्या बाकावर तिला आडवं केलं. मी तिच्या पोटावर मूठ दाबून बसले होते. तिनं मला विचारलं, "सिस्टर, मला थंडी कावून वाजतीय?" मी म्हटलं, जीप उघडी आहे ना, म्हणून. केजच्या अलीकडं ती गेली. मूठ मी काढली नाही. केजच्या दवाखान्याच्या दारात तिथल्या कंपाउंडरनं माझा हात धरून बाजूला केला.

गुरुवारी आमचे नवे डॉक्टर आले. त्यांनी रजिस्टर वाचलं. रागावले नाहीत. म्हणाले, "अशा वेळी आतून फुगा भरून दाब देता येतो. निरोध आणि लघवीची नळी, बास. वेळ मिळतो तेवढा." मग माझ्याकडं बघून मायेनं म्हणाले, "पण तुला कुठून येणार? कुणी शिकवलंच नसेल."

दोन्ही वस्तू कपाटात होत्या, बाई. तिसऱ्या फळीवर, शेजारी शेजारी. मी स्वतः लावून ठेवलेल्या.

डॉक्टरांना मी म्हटलं, "नाही, कुणी नाही शिकवलं."

पुढचं उद्या लिहिते. पेशंट आलेत.

मंगळवार

तुम्हाला दोन वर्षांपूर्वीचा तो दिवस आठवत असेल. बाळंतपणाच्या दीड वर्षाच्या शिक्षणासाठी माझी निवड झाली होती, पुण्याला. पत्र घेऊन मी एसटीनं थेट तुमच्याकडं आले. सोबत काय काय शिकवणार त्याची यादी होती. त्या यादीत हे होतं. परवा पुन्हा काढून बघितलं, चौथ्या पानावर आहे.

तुम्ही पत्र वाचलंत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "वर्षे, प्रभूनं तुला कुठून उचलून कुठं ठेवलंय ते बघ. ठेवलंय तिथं आभार मानून राहा. अजून पायजे, अजून पायजे केलं की मिळालेलं दिसत न्हाई." मी घरी आले आणि नकार कळवून टाकला.

नोव्हेंबरपासून मी रोज मनात तुमच्याशी भांडत होते. बाईंनी अडवलं, बाईंमुळं. इतके दिवस तुम्हाला पत्र नव्हतं ते यामुळं. भांडून भांडून एक दिवस खरं काय ते दिसलं, आणि ते तुमच्याबद्दल नव्हतं.

त्या दिवशी तुमच्याकडून परत येताना एसटीत मला हलकं वाटलं होतं. सुटल्यासारखं. पुण्याची, तिथल्या इंग्रजीतल्या वर्गांची मला भीती वाटत होती. दहा वर्षांनी लहान मुलींच्या शेजारी बसून नापास झाले तर? तुम्ही "राहा" म्हणालात आणि माझ्या भीतीला चांगलं नाव मिळालं. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, या मुलीनं मोठेपणा सोडून सेवा निवडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली. ते ऐकायला मला आवडलं होतं, बाई. मी काही सोडलं नव्हतं. मी घाबरले होते.

आणि तुम्ही मला कधी जागच्या जागी राहायला शिकवलं होतं? पंधराव्या वर्षी माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही साखर कारखान्याच्या तळावर आला होता. आमच्या पाचटाच्या कोपीसमोर उसाच्या मोळीवर बसलात. अण्णा म्हणाले, "बाई, पोरगी आमची हाय." तुम्ही म्हणालात, "तुमचीच हाय. दहावी झाल्यावर परत आणून देते." दुपार गेली, तुम्ही उठला नाहीत, पाणीसुद्धा प्यायला नाहीत. शेवटी आईनंच माझी पिशवी भरली. तेव्हा तुम्ही मला आभार मानून राहा म्हणाला असता, तर आज मी कोयता घेऊन फडात असते. कदाचित दीपमालाच्या टोळीत.

मग त्या दिवशी तुम्ही तसं का म्हणालात, हे मी विचारणार नाही. होस्टेल बंद पडलं होतं, तुम्ही थकला होता, मी जवळ असावं असं वाटलं असेल. तेवढं वाटायचा तुमचा हक्क आहे.

भामाबाईचं राहिलं. तेराव्यानंतर ती नातीला घेऊन दवाखान्यात आली होती. माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "पोरगी तरी वाचवली तुमी, बाई. तुमचे लई उपकार." मी तिला उठवलं, बाळाचं वजन केलं, कार्डावर लिहिलं. त्यानंतर दर लसीला तेच. येताना कधी ज्वारीचं पीठ, कधी शेंगा. पाळकसाहेबांना हे माहीत होतं. फेब्रुवारीत तेच सांगावं असं त्यांना वाटत होतं. एक जीव वाचला त्याची साक्ष दे, म्हणाले होते.

एप्रिलमध्ये मी तिच्या घरी गेले. परमेश्वर बाहेर बाज विणत होता. नातीचं नाव त्यांनी संस्कृती ठेवलंय. भामाबाईनं ती माझ्या मांडीवर दिली आणि चहा ठेवायला उठली. मी म्हटलं, चहा नको, बसा. आणि सांगितलं. असं असं शिक्षण होतं, मला मिळालं होतं, त्यात हे शिकवतात, मी गेले नाही.

तिनं हातातलं चहाचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "कावून न्हाई गेलात?"

"मला वाटलं, इथंच राहिलेलं चांगलं."

"कुणासाठी चांगलं?"

तिनं माझ्या मांडीवरून पोरगी उचलून घेतली. परमेश्वरचे हात थांबले होते, पण त्यानं वर बघितलं नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर भामाबाई म्हणाली, "ती मागू नका. माझ्याकडं न्हाई ती द्यायला." मी चप्पल घालत होते तेव्हा मागून म्हणाली, "आता तरी जाताव का न्हाई?"

आता ती संस्कृतीला लसीला आणते, पण पीठ आणत नाही. पाया पडत नाही. मला "सिस्टर" म्हणते. खरं सांगते बाई, त्यानं मला थोडं बरं वाटतं. तेवढंच काय ते वाटतं.

डिसेंबरमध्येच मी पुन्हा अर्ज केला होता. कुणाला सांगितलं नव्हतं, भामाबाईलासुद्धा नाही. मे महिन्यात निवड कळली. येत्या रविवारी उपासना झाल्यावर दुपारच्या एसटीनं पुण्याला निघतेय. दवाखान्यात माझ्या जागी परळीची स्वप्नाली म्हणून सिस्टर येणार आहे, पण ती एक जुलैपासून. मधले पंधरा दिवस इथं कुणी नाही. त्या पंधरा दिवसांत कुणी बाळंतीण आली तर, हा विचार मी केलाय. तरी जातेय. आशा कार्यकर्तीला सांगून ठेवलंय की अवघडलेल्यांना सरळ केजलाच पाठव.

पाळकसाहेब आधी नाराज झाले. मग म्हणाले, निरोपाची उपकारस्तुती ठेवू. मी नको म्हटलं. साधी प्रार्थना करा, नाव घेऊन करा, दीपमालाचंही घ्या. ते हो म्हणाले.

विश्वास ढळला का, असं तुम्ही मेच्या पत्रात विचारलंय. नाही ढळला. मी रोज प्रार्थना करते, फॉर्म भरल्यासारखी, एकही रकाना न सोडता. प्रभू ऐकतो एवढं मला माहीत आहे. आत काही हलत नाही, पण तो माझ्या हलण्याची वाट बघत थांबणारा नाही, म्हणून करते. उपकार मी विसरलेले नाही. ते मानायचे म्हणजे हात जोडून एका जागी उभं राहायचं, असं मी धरून चालले होते. त्यात एक बाई गेली.

पुण्यात पास होईन की नाही, सांगता येत नाही. शिकून इथंच परत येईन असं लिहिलं होतं, ते खोडलंय. तुम्हाला खोडलेलं दिसत असेल. जे माझ्या हातात नाही त्याचं वचन देऊन मला आता कुणाला खूश करायचं नाही, तुम्हालासुद्धा.

आठवडाभरात उत्तर लिहिलंत तर ते दवाखान्यात येईल आणि पडून राहील, म्हणून सोबतच्या चिठ्ठीवर पुण्याचा पत्ता देतेय. रागावला असाल तर तसं लिहा. नसाल रागावला, तरी शाबास म्हणू नका.

तुमची लेक असं लिहायला आज हात जड जातोय, तरी दुसरं काही मला येत नाही, म्हणून
तुमची लेक,
वर्षाराणी